आक्कांकडचं पावणं

कोल्हापुरात आक्कांच्या माडीवर भाड्यानं राहायला गेलो, त्या दिवशी त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. तिखट चालतं का, घोरतोस का आणि काम काय करतोस. पहिल्या दोन उत्तरांकडे त्यांनी लक्षच दिलं नाही. तिसऱ्याला मी सांगितलं, की शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत तपासणीला आहे. ओतून आलेले भाग भिंगाखाली धरायचे, कुठं चीर गेलीय का, शिक्के नीट उमटलेत का ते बघायचं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "म्हंजे लोखंड वाचतोस."

त्या घडीपासून मी त्यांच्यासाठी 'लोखंडे' झालो. माझं आडनाव वेगळंच आहे. पण चार वर्षांत त्यांनी ते एकदाही उच्चारलं नाही, आणि पुढं पुढं तर कुरियरवालाही खालून लोखंडे म्हणून हाक मारायला लागला.

आक्का तेव्हा चौऱ्याहत्तरीच्या होत्या. माहेर गडहिंग्लजच्या पलीकडचं, कानडी मुलखाला लागून. त्यामुळं वडील आप्पा, थोरला चुलतभाऊ आण्णा, आणि त्या स्वतः लहानपणापासून सगळ्या गावाच्या आक्का. यजमान एसटीत ड्रायव्हर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. उंची जेमतेम पाच फूट, पण आवाज असा, की मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळाच्या एका टोकाला त्यांनी भाजीवालीला मेथीचा भाव विचारला की दुसऱ्या टोकाचा वाणी सांगायचा. फोनवर बोलताना त्या फोन हातभर लांब धरत. पलीकडच्याला त्रास नको म्हणून, असं त्या सांगत.

कुणाबद्दल वाईट बोलायचं असेल तर त्या त्याला घरी बोलावून बोलत. "तोंडावर सांगायचं, मग चहा द्यायचा," ही त्यांची रीत. चहा उत्तम असायचा, म्हणून लोक येत. एकदा मला बोलावून त्यांनी सांगितलं, की तू पायऱ्या उतरताना रेड्यागत उतरतोस. मग आलं घातलेला चहा दिला, वर दोन खारी. तेव्हापासून मी पायऱ्या मांजरासारखा उतरायला लागलो, तर म्हणाल्या, आता तू कवा आलास-गेलास काय बी कळंना.

शुक्रवारी दुपारी मात्र त्यांचं दार आतून बंद असायचं. पहिल्या शुक्रवारी मी पाणी मागायला दार वाजवलं, तर आतून उत्तर आलं, "थांब जरा. पावण्यांना तेल लावतीय."

मला वाटलं, गावाकडचं कुणी म्हातारं माणूस आलं असेल. अर्ध्या तासानं दार उघडलं. आत आक्कांशिवाय कुणी नव्हतं. मांडीवर जुना पंचा, पंच्यावर खोबरेल तेलाची वाटी, आणि वाटीशेजारी एक भलं थोरलं, काळपट, लष्करी रिव्हॉल्वर.

ते त्यांच्या वडिलांचं होतं. परवाना आक्कांच्या नावावर, एका पिवळ्या पडलेल्या पुस्तिकेत. गोळी कित्येक वर्षांत घरात नव्हती. पन्नास वर्षं ते त्यांच्या कपाटात होतं, तरी त्या त्याला घरातलं मानत नसत. "ते आप्पाच्या घरचं. माझ्याकडं ऱ्हायला आलंय," असं म्हणत. म्हणून पावणं.

निवडणूक जाहीर झाली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. आक्का त्या दिवशी नवं लुगडं नेसत. रिव्हॉल्वर पंच्यात गुंडाळून भाजीच्या नायलॉनच्या पिशवीत ठेवत, वरून कोथिंबिरीची जुडी, म्हणजे कुणाची नजर नको. ठाण्यात पोचपावती घेतल्यावर हवालदाराला बजावत, की ह्याला ओल सोसत नाही, खिडकीखाली ठेवू नका. निकाल लागल्यावर परत आणताना ते उलटंसुलटं करून असं तपासत, जसं सासरी नांदून आलेल्या पोरीला आई बघते. मग हवालदारांना पेढे. एका वर्षी दोन निवडणुका आल्या तेव्हा एक हवालदार मला हळूच म्हणाला, तिसरीपण व्हायला पाहिजे होती.

आणि त्या रिव्हॉल्वरच्या गोष्टी. दूधवाल्याला त्यांनी सांगितलं होतं, की आप्पांनी ते एका जर्मन कप्तानाच्या कमरेचं ओढून घेतलं. गॅसवाल्याला सांगितलं, की जपान्याशी झटापट झाली, दोघं नदीत पडले, वर आले तेव्हा पिस्तूल आप्पांच्या हातात. मला सांगितलेल्या गोष्टीत वाळवंट होतं, उंट होते आणि तरीही जपानी होते. मी म्हणालो, आक्का, जपान्यांकडे उंट कुठले? त्या शांतपणे म्हणाल्या, "लढाईत समदं असतंय."

मी ह्या गोष्टींना हसायचो. त्या गोष्टी त्यांना कशासाठी लागत होत्या ते मला ठाऊक नव्हतं.

ते कळलं परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी. या खेपेला नवा फॉर्म आला होता. जुन्या पुस्तिकेत नुसतं 'रिव्हॉल्वर, लष्करी, नग एक' एवढंच लिहिलेलं. नव्या फॉर्मात बनावट कुठली, साल कुठलं, क्रमांक काय आणि शस्त्र कुटुंबात कसं आलं, हे सगळं भरायचं होतं. माहिती नसेल तर शस्त्र जमा करावं लागेल, असं परवाना शाखेतल्या बाईंनी सांगितलं. अशी जमा झालेली हत्यारं पुढं वितळवतात, हे आक्कांनी कुठूनतरी ऐकून ठेवलं होतं.

त्या रात्रीचं जेवण त्यांनी केलंच नाही. सकाळी रिव्हॉल्वर आणि पुस्तिका घेऊन त्या माडीवर आल्या. ठाण्यातले हवालदार सोडले, तर पन्नास वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ते दुसऱ्याच्या हातात दिलं असावं. "लोखंडे, वाच," म्हणाल्या.

मी भिंग लावलं. चौकटीवर, नळीवर, गोळ्यांच्या फिरत्या घरावर बारीक बारीक शिक्के होते. मुकुट, आकडे, अक्षरं. एका ठिकाणी तीन रेघांचं एक चिन्ह आणि त्याच्यासमोर तसंच दुसरं, टोकाला टोक भिडवून. आक्का म्हणाल्या, ते कोंबडीचं पाय हाईत, लहानपणापासनं बघतीय. मला आकडे वाचता आले, पण त्यांचा अर्थ लागेना. फाउंड्रीतलं लोखंड वेगळं आणि हे वेगळं. मी तसं सांगितलं. मग आम्ही चाचांकडे गेलो.

चाचा म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे शिकलगार. आजरा-चंदगडकडचे शेतकरी रानडुकरांसाठी ठेवलेल्या बंदुका त्यांच्याकडे आणत. चार पिढ्यांचं काम, दुकान एवढंसं. आक्का त्यांच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या, तरी त्याही त्यांना चाचाच म्हणत. चाचांनी आधी परवाना पाहिला, मग हात पुसले, मग रिव्हॉल्वर घेतलं. अंगठ्यानं कुठंतरी दाबलं आणि ते मधून मोडल्यासारखं उघडलं. आक्का झटकन पुढं झाल्या. ते तसं उघडतं हे त्यांना माहीतच नव्हतं.

चाचा एकेक सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. विलायती कारखान्याचं नाव, क्रमांक. साल पहिल्या महायुद्धातलं. दांड्याच्या बुडाला कडी आहे ती दोरी अडकवायला, म्हणजे घोड्यावरून पडलं तरी हरवू नये. हे शिपायाचं नाही, अधिकाऱ्याच्या कमरेचं. "पहिल्या लढाईत बनलंय, दुसऱ्या लढाईत बी कामाला असणार," ते म्हणाले. मग कोंबडीच्या पायांवर आले आणि भिंग मागून घेतलं.

"आक्का, हे कोंबडीचं पाय न्हवं. हा बाण हाय. एक बाण म्हंजे सरकारी माल. आता त्याच्या टोकाला हा दुसरा उलटा बाण मारलाय, बघा. म्हंजे सरकारनं हे इकलं, कागदावरनं कमी केलं. ज्यानं घेतलं त्याचं झालं."

"इकलं," आक्का म्हणाल्या.

"व्हय. चोरीच्या मालावर असला शिक्का कोण मारंल?"

चाचा आपलं सहज बोलून गेले होते. पण आक्का बाकावर बसल्या. आक्का गप्प आहेत हे चाचांच्या लक्षात आलं तेव्हा ते घाबरले आणि मला डोळ्यांनी विचारू लागले, काय झालं म्हणून. शेवटी आक्कांनी त्यांच्याकडून तेवढं वाक्य पुन्हा म्हणून घेतलं. मग तिसऱ्यांदा.

रिक्षात त्यांनी मला सांगितलं. रिक्षावाल्यानंही ऐकलं, कारण आवाज पुन्हा जाग्यावर आला होता.

आप्पा गेले तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या. तेराव्याला सगळे जमलेले असताना चुलत्यांनी पंगतीत उठून सांगितलं, की घरातलं ते चोरीचं पिस्तूल बाहेर काढा, साहेबाचं पळवून आणलेलं आहे, आम्हाला नको. कुणी काही बोललं नाही. चुलत्यांचा मुलगा, म्हणजे आण्णा, तिथंच पंगतीला वाढत होता; तोही मान खाली घालून वाढत राहिला. आक्का ताटावरून उठल्या. पिस्तूल पंच्यात गुंडाळून पिशवीत घातलं आणि मिळेल त्या एसटीनं कोल्हापूरला सासरी आल्या. त्यानंतर त्या गावात गेल्या नाहीत. ना लग्नाला, ना मयताला. पुढं परवाना आपल्या नावावर करून घ्यायला त्यांना तीन वर्षं लागली.

"आप्पानं मला कधी काय सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "मी इचारलं की नुसतं हसायचा. मग लोकांनी इचारलं तर मी काय सांगू? चोरीचं हाय म्हणू?"

जर्मन, जपानी आणि उंट कुठून आले ते मला तेव्हा समजलं, आणि आपण हसत होतो याची लाज वाटली.

घरी आल्यावर मी त्या दोन बाणांवर पातळ कागद धरून पेन्सिलीनं घासलं. फाउंड्रीत आम्ही शिक्क्यांचा ठसा असाच घेतो. बाण लख्ख उमटले. आक्कांनी कागद हातात घेतला आणि विचारलं, "उद्या तुला सुट्टी हाय का?" मला नव्हती. मी घेतली.

गडहिंग्लजला उतरून दुसरी एसटी धरली. उसाच्या गाड्यांमुळं रस्त्यात दोनदा थांबलो. आक्का सगळा वेळ पुढच्या सीटची दांडी धरून ताठ बसल्या होत्या. गाव आलं तसं त्यांनी पदर नीट केला आणि झपाझप चालायला लागल्या. पन्नास वर्षांत बोळ बदलले होते, तरी त्यांना एकदाही विचारावं लागलं नाही.

आण्णा अंगणात शेंगा तोडत बसले होते. ऐंशीचा उंच, वाळका माणूस. त्यांनी वर पाहिलं आणि हातातली डहाळी तशीच राहिली. आतून आक्कांच्या वहिनी पाणी घेऊन आल्या. आक्कांनी तांब्याला हात लावला नाही.

"आधी हे बघ," म्हणाल्या आणि कागद पुढं केला.

आण्णांना दिसेना. मी बाणांचा अर्थ सांगितला, चाचांनी सांगितलेला, जसाच्या तसा. ते ऐकत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"चोरीचं न्हाई ते."

"कवापासनं?"

"पंधरा-सोळा वर्सांचा हुतो तवापासनं. आप्पानंच सांगितलं. दोघं मळ्यात पाणी पाजत हुतो."

मला वाटलं, आता आक्कांचा आवाज गडहिंग्लजपर्यंत जाणार. पण त्या हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, "मग तेराव्याला गप का बसलास?"

आण्णा कमी बोलणारे होते. एकेक शब्द शेंगेसारखा तोडून काढत त्यांनी जे सांगितलं ते असं. आप्पा पलटणीत होते हे खरं, पण ते लढले नव्हते. ते एका साहेबाचे ऑर्डर्ली होते. त्याचे बूट चमकवायचे, दाढीला पाणी गरम करायचं, कपडे बघायचे. रोज संध्याकाळी साहेब तंबूत बाजा लावायचा, तबकडीचा, किल्ली देऊन वाजणारा. आप्पा बाहेर बसून ऐकायचे. लढाई संपली, साहेब विलायतेला निघाला. सामान माणसांत वाटून टाकताना त्यानं आप्पांना विचारलं, तुला काय पाहिजे. आप्पांनी बाजा मागितला. पण बाजा आधीच दुसऱ्या कुणालातरी देऊन झाला होता. साहेबाला वाईट वाटलं. ह्या माणसानं इतकी वर्षं केलं आणि मागितलं ते देता आलं नाही, म्हणून त्यानं स्वतःचं रिव्हॉल्वर दिलं. ते त्यानं सरकारकडून रीतसर विकत घेऊन ठेवलेलं होतं. वर चिठ्ठी दिली, म्हणून पुढं आप्पांना कोल्हापूर दरबारचा परवाना मिळाला.

"माझ्या बापाला भरतीत घेतलं न्हवतं," आण्णा म्हणाले. "छाती भरली न्हाई. ते त्याला जलमभर लागून ऱ्हायलं. त्यातनं चोरीचं काढलं त्यानं."

"आणि तू?"

आण्णांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "आप्पानं शब्द घेतला हुता. म्हणला, कुणाला सांगू नको. पोरीला तर बिलकूल न्हाई. ती शाळंत सांगत फिरतीया, माझा आप्पा लढला म्हणून. तिला कळाय नगं की मी बूट पुसत हुतो."

वहिनी तांब्या धरून तशाच उभ्या होत्या.

मग आक्का म्हणाल्या, "त्याला बाजा पायजे हुता?"

"व्हय."

"पिस्तूल नगं हुतं?"

"न्हाई. घरी आणल्यावर त्याला भ्याच वाटायचं त्याचं."

आक्का हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग त्यांनी पडवीचा खांब धरला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ते पाणी सगळं हसण्याचंच होतं असं मी म्हणणार नाही. मग त्या एकदम सांगू लागल्या. लहानपणी आप्पा त्यांना खांद्यावर घेऊन गडहिंग्लजच्या बाजाराला जायचे, आणि तिथल्या एका हॉटेलाबाहेर उगीच उभे राहायचे. आत तबकडी वाजत असायची. ती संपली की चालायला लागायचे. "मला वाटायचं, कुणाची तरी वाट बघतोय," त्या म्हणाल्या. "मी त्याच्या डोक्यावर हात आपटायची, चल की म्हणून. तो म्हणायचा, एवढं होऊ दे."

आण्णाही हसले. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते, आणि हसल्यावर ते एकदम पंधरा-सोळा वर्षांचे दिसले. आक्कांनी वहिनींच्या हातातला तांब्या घेतला आणि तोंड न लावता, वरून घटाघटा सगळा संपवला. मग आण्णांना म्हणाल्या, तोंडावर सांगते, तू गाढव आहेस, आणि त्यांच्याजवळ बसून शेंगा तोडायला लागल्या. दुपारी वहिनींनी भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा वाढला. मला ठसका लागला तेव्हा घरातल्या सगळ्यांना फार समाधान वाटलं. परतीच्या एसटीत आमच्याबरोबर शेंगांचं एक पोतं होतं आणि आक्का झोपल्या होत्या, माझ्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडं ठेवून.

आठवड्याभरानं आम्ही परवाना शाखेत गेलो. बनावट, साल, क्रमांक मी भरले होते. शेवटचा रकाना आक्कांनी मला भरू दिला नव्हता. तो तिथं सांगून लिहायचा होता. त्याच बाई होत्या. त्यांनी पेन उघडून विचारलं, "शस्त्र कुटुंबात कसं आलं?"

"आप्पाला बाजा पायजे हुता," आक्का म्हणाल्या. "तो मिळाला न्हाई, म्हणून."

शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग आक्कांनी सगळं सांगितलं. तंबू, बूट, दाढीचं पाणी, तबकडी. जर्मन नाही, नदी नाही, उंट नाही. आप्पा ऑर्डर्ली होता हे त्यांनी त्या भरल्या कार्यालयात अशा आवाजात सांगितलं, की जिन्यात थांबलेली माणसंही दारात येऊन उभी राहिली. सांगताना त्यांची मान ताठ होती.

बाईंनी ऐकून घेतलं आणि रकान्यात 'वडिलांना भेट मिळाले, वारसाहक्काने प्राप्त' असं लिहिलं. आक्कांनी ते मोठ्यानं वाचायला लावलं. बाजाचा उल्लेख नाही म्हणून थोडी कुरकुर केली. बाई म्हणाल्या, रकाना लहान आहे आक्का. ते त्यांना पटलं. अर्जावर शिक्का बसला. पावती मिळाली.

आम्ही उठलो, तेव्हा बाईंनी सहज विचारलं, "मग तो बाजा कुणाला मिळाला?"

आक्का थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. हे आम्हाला दोघांनाही सुचलं नव्हतं.

"इचारलंच न्हाई की," त्या म्हणाल्या. पावती ब्लाउजात खोचली, पिशवी काखेत मारली आणि जिना उतरायला लागल्या. मी मागून ओरडून विचारलं, की आक्का, निघालात कुठं.

"गडहिंग्लजला. तू जा कामावर. मला आता वाट ठावी हाय."